ही गोळी नेमकी कशासाठी लिहिली आहे?

वाचकाचे पत्र (संक्षिप्त): माझी मुलगी आठ वर्षांची आहे आणि तिसरीत शिकते. जूनमध्ये आम्ही तिला गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून काढून तालुक्याच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घातले. दिवाळीनंतर तिचे आजोबा वारले. तिला त्यांचा फार लळा होता; रोज संध्याकाळी ते तिला मळ्यात घेऊन जायचे. तेव्हापासून रोज सकाळी तिचे पोट दुखते, रविवारी मात्र दुखत नाही. ती रडते, आणि दोनदा म्हणाली, ‘मला आजोबांकडे जायचंय.’ रात्री दचकून उठणे गणपतीच्या सुमारासच सुरू झाले होते, पण तेव्हा आम्ही फारसे लक्ष दिले नाही. पावसाळ्यापासून तिला सर्दीचे औषध चालू आहे. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी दहा मिनिटे बोलून एसिटालोप्रामची पाच मिलिग्रॅमची गोळी लिहून दिली आणि दोन महिन्यांनी यायला सांगितले. आज बारावा दिवस आहे. गेल्या आठवड्यापासून ती एका जागी बसत नाही, रात्री बारापर्यंत जागी असते, चिडते, धाकट्या भावाला मारते. सासूबाई म्हणतात, एवढ्याशा पोरीला वेड्याची औषधे कशाला? मिस्टर म्हणतात, डॉक्टरांना कळते. गोळी बंद करू का? मी माझ्याच मुलीचे नुकसान तर करत नाही ना? – एक आई, सांगली जिल्हा

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्राचे उत्तर मी उलट्या क्रमाने देणार आहे. मोठे प्रश्न मागे ठेवते आणि आज संध्याकाळपर्यंत जे करायला हवे ते आधी सांगते.

गोळी सुरू केल्यापासून आठवड्याभरात तुमची मुलगी एका जागी बसेनाशी झाली, तिची झोप उडाली आणि ती मारू लागली, हे तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिले आहे. माझ्या दृष्टीने पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे. नैराश्य आणि चिंतेवरच्या, एसिटालोप्रामच्या गटातल्या औषधांमुळे काही मुलांमध्ये अशी अस्वस्थता निर्माण होते. ती साधारणपणे पहिल्या काही आठवड्यांत किंवा डोस वाढवल्यावर दिसते, आणि किशोरवयीन मुलांपेक्षा लहान मुलांमध्ये अधिक आढळते. मुलगी हट्टी झाली, भावावर राग काढते, असा अर्थ लावून घरचे तिला रागावत असतील, तर ते आजपासून थांबवा. त्या अस्वस्थतेवर तिचा ताबा नाही. डॉक्टरांना आजच फोन करा आणि तारखा सांगा: गोळी कोणत्या दिवशी सुरू केली, झोप कोणत्या दिवसापासून उडाली, चिडचिड कधी वाढली, गोळी दिवसा देता की रात्री. आजचा डोस द्यायचा की नाही, हेही त्याच फोनवर स्पष्ट विचारा. ते बहुधा डोस कमी करतील किंवा गोळी थांबवतील. दोन महिन्यांनंतरच्या भेटीची वाट पाहण्यासारखी ही गोष्ट नाही.

फोन करण्यापूर्वी गोळ्यांच्या पट्टीच्या मागची बारीक अक्षरे उजेडात नीट वाचा. आपल्याकडे एसिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम ही दोन औषधे एकाच गोळीत घालून सर्रास विकली जातात आणि पाकिटावरच्या मोठ्या नावावरून ते पटकन लक्षात येत नाही. तिथे दोन नावे असतील, तर ते डॉक्टरांना सांगा. क्लोनाझेपाम हे झोपेच्या आणि फिटच्या औषधांच्या घराण्यातले आहे. काही लहान मुलांमध्ये त्याचा परिणाम अगदी उलटा होतो, म्हणजे ती शांत होण्याऐवजी बेभान आणि आक्रमक होतात. शिवाय त्याची शरीराला सवय लागते, त्यामुळे ते काही आठवडे घेतलेले असेल तर एका दिवसात तोडणे धोक्याचे ठरू शकते. पाच मिलिग्रॅम एसिटालोप्राम एकटेच असेल, तर बारा दिवसांनी ते थांबवणे सहसा जड जात नाही. तरीही तुमच्या मनाने बंद करू नका असे मी म्हणते, ते या दुसऱ्या नावाच्या शक्यतेमुळे, आणि औषध थांबवल्यानंतरच्या दिवसांतही मुलीवर कोणाची तरी जाणती नजर असायला हवी म्हणून.

दुसरी गोष्ट आज रात्रीची आहे. ‘मला आजोबांकडे जायचंय’ या वाक्याचे दोन अर्थ होऊ शकतात. आठ वर्षांच्या मुलीला ‘आजोबा देवाघरी गेले’ असे सांगितले, तर देवाचे घर हे तिला मावशीच्या घरासारखे जाऊन येण्याचे ठिकाण वाटू शकते, आणि तिला आजोबांची आठवण येते एवढेच ती सांगत असेल. पण त्या वाक्यात मरणाचा विचारही असू शकतो. आणि ज्या मुलीला असे औषध नुकतेच सुरू झाले आहे आणि जी त्यावर अस्वस्थ झाली आहे, तिच्या बाबतीत अंदाजावर राहता येत नाही. म्हणून तिला जवळ घेऊन सरळ विचारा: ‘तू म्हणालीस ना, आजोबांकडे जायचंय, म्हणजे काय वाटतं गं तुला? आपण मरून जावं असं कधी मनात येतं का? कसं ते, असा विचार केलास का?’ विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरतो, ही आपल्याकडची फार जुनी भीती आहे, पण ती खरी नाही. विचारल्यावर मुलांच्या छातीवरचे ओझे उतरते, असाच माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे. उत्तर ‘हो’ आले, तर घाबरून रडू नका आणि रागावूही नका. ‘मला सांगितलंस, बरं केलंस’ एवढे म्हणा, तिला एकटी ठेवू नका आणि त्याच दिवशी तिला मानसोपचार विभाग असलेल्या रुग्णालयात न्या. १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी टेलि-मानस सेवेचा क्रमांक चोवीस तास मोफत चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते. घरातली सगळी औषधे, सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि शेतीची कीटकनाशकेसुद्धा, कुलपात ठेवा. ही शेवटची सूचना शेतकरी घरातल्या प्रत्येक आईला मी करते, मुलाला कोणतेही औषध चालू असो वा नसो.

आता तुमचा मोठा प्रश्न. ही औषधे विष आहेत का? नाहीत. मग निर्धास्तपणे द्यावीत अशी आहेत का? तसेही नाही. २००४ साली अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने मुलांवर झालेल्या २४ चाचण्या एकत्र तपासल्या, ज्यांत सुमारे ४,४०० मुले होती. खऱ्या औषधाच्या गटात शंभरातल्या सुमारे चार मुलांमध्ये आत्महत्येचे विचार किंवा तशी कृती आढळली, तर औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी घेणाऱ्या गटात ती सुमारे दोन मुलांमध्ये आढळली. त्या चाचण्यांत एकाही मुलाने प्रत्यक्षात जीव दिला नव्हता, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. तरीही दुप्पट म्हणजे दुप्पट, आणि म्हणून या औषधांच्या माहितीपत्रकावर काळ्या चौकटीत इशारा छापणे सक्तीचे झाले; २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांनाही लागू केला गेला. इशाऱ्यानंतर अमेरिकेत मुलांना ही औषधे लिहून देण्याचे प्रमाण घटले. त्यामुळे खरी गरज असलेली काही मुले उपचाराविना राहिली का, यावर संशोधकांमध्ये आजही वाद आहे. तो वाद मला क्षुल्लक वाटत नाही, कारण उपचार न झालेले नैराश्य हेही जीवघेणे असते.

या विषयात अविश्वास का शिरला, तेही तुम्हाला माहीत असायला हवे. याच गटातल्या पॅरॉक्सेटीन नावाच्या औषधाची किशोरवयीन मुलांवर झालेली एक चाचणी ‘स्टडी ३२९’ या नावाने ओळखली जाते. २००१ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा औषध परिणामकारक असून मुलांना चांगले सोसते, असे त्यात लिहिले होते. दोनच वर्षांनी ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी अठरा वर्षांखालील मुलांना पॅरॉक्सेटीन देऊ नये असे जाहीर केले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मुलांच्या नैराश्यासाठी या गटातली फ्लुऑक्सेटीन वगळता बाकीची औषधे लाभापेक्षा धोक्याकडे झुकतात असा निर्वाळा दिला. २०१२ मध्ये पॅरॉक्सेटीन बनवणाऱ्या ग्लॅक्सोस्मिथक्लाइन या कंपनीने अमेरिकेत तीन अब्ज डॉलर भरून खटले मिटवले, आणि मुलांसाठी मान्यता नसताना पॅरॉक्सेटीनचा प्रचार केल्याचा आरोप त्यांत होता. २०१५ मध्ये स्वतंत्र संशोधकांनी त्याच चाचणीची मूळ कागदपत्रे पुन्हा तपासली, तेव्हा औषधाचा उपयोग दिसला नाही आणि अपाय मात्र दिसला. म्हणजे काही वर्षे जगभरचे डॉक्टर अपुऱ्या माहितीवर मुलांना औषध लिहीत होते, आणि त्यातल्या बहुतेकांना याची कल्पनाही नव्हती. तुमच्या सासूबाईंना वाटणारी धास्ती म्हणूनच मला अडाणीपणाची वाटत नाही. त्यांचा ‘वेड्याची औषधे’ हा शब्द चुकीचा आहे, पण एवढ्या लहान मुलीच्या बाबतीत थबकून विचार करावा ही त्यांची जाणीव योग्य आहे.

आणि इथेच मी तुमच्या डॉक्टरांकडे एक प्रश्न घेऊन जायला सांगते: ही गोळी नेमकी कशासाठी लिहिली आहे? चिठ्ठीवर गोळीचे नाव आहे, पण आजाराचे नाव असल्याचे तुमच्या पत्रात कुठे दिसत नाही. या एका रिकाम्या जागेमुळे किती फरक पडतो ते पाहा. अमेरिकेच्या त्याच प्रशासनाने एसिटालोप्रामला नैराश्यासाठी बारा वर्षे आणि त्यापुढच्या मुलांकरताच मान्यता दिली आहे. आठ वर्षांपासूनच्या मुलांच्या नैराश्यासाठी मान्यता आहे ती फ्लुऑक्सेटीनला. पण सतत सगळ्या गोष्टींची काळजी वाटत राहण्याच्या चिंताविकारासाठी एसिटालोप्रामला २०२३ पासून सात वर्षांपुढच्या मुलांकरता मान्यता आहे. म्हणजे मुलगी तीच, वय तेच, गोळी तीच. तिला नैराश्य असेल तर ही निवड मान्यतेबाहेरची, चिंताविकार असेल तर मान्यतेतली, आणि ती आजोबांच्या जाण्याचे दुःख करत असेल तर दुःखासाठी गोळी नसतेच. मान्यतेबाहेर औषध वापरणे बालवैद्यकात अनेकदा अपरिहार्य असते आणि त्यात आपोआप काही गैर नाही, पण तसे असेल तर डॉक्टरांनी ते पालकांना सांगायला हवे, असे माझे ठाम मत आहे.

नैराश्याच्या बाबतीत मुलांवरच्या ३४ चाचण्यांचा एकत्रित अभ्यास २०१६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. चौदा औषधांपैकी एकट्या फ्लुऑक्सेटीनचा उपयोग खोट्या गोळीपेक्षा अधिक असल्याचे त्यात दिसले. याचे एक कारण असे, की मुले खोट्या गोळीवरही पुष्कळ सुधारतात. कोणीतरी नियमित भेटते, ऐकून घेते, विचारपूस करते, याचाही तो गुण असतो. चिंतेच्या बाबतीत चित्र जास्त आशादायक आहे. सात ते सतरा वर्षांच्या ४८८ मुलांवरच्या एका मोठ्या चाचणीत, २००८ साली, सर्ट्रालीन या औषधाने सुमारे ५५ टक्के मुले लक्षणीय सुधारली, विचार आणि वर्तनावर काम करणाऱ्या समुपदेशनाने सुमारे ६० टक्के, आणि दोन्ही मिळून सुमारे ८१ टक्के; खोट्या गोळीने सुमारे २४ टक्के. तुमच्यासाठी यातला अर्थ एवढाच, की चिंतेत सापडलेल्या मुलांमध्ये पद्धतशीर समुपदेशन औषधाच्या तोडीस तोड ठरले. ज्याचा दुष्परिणाम जवळजवळ नाही ते आधी करून पाहावे, ही साधी व्यवहाराची गोष्ट आहे. ब्रिटनची मार्गदर्शक तत्त्वे पाच ते अकरा वर्षांच्या मुलांच्या नैराश्यातही समुपदेशनच आधी सांगतात आणि औषधाचा विचार नंतर, जपून करायला सांगतात.

औषध कधीच नको असे मात्र मी म्हणणार नाही. साल निघेपर्यंत दिवसातून चाळीस-पन्नास वेळा हात धुणारी, घराबाहेर पाऊल टाकू न शकणारी, खाणेपिणे सोडून भिंतीकडे तोंड करून पडणारी मुले मी पाहिली आहेत. मंत्रचळेपणाच्या विकारात सर्ट्रालीन सहा वर्षांपासून मान्य आहे, आणि समुपदेशनाच्या जोडीने ते दिल्यावर मूल पुन्हा शाळेत गेलेले, मैत्रिणीच्या डब्यातले खाल्लेले पाहून मला जे समाधान मिळाले, त्याची तुलना कशाशीच करता येणार नाही. अशा घरातल्या आईने हे सदर वाचून गोळी बंद केली, तर मला अतिशय वाईट वाटेल. प्रश्न तुमच्या मुलीचा आहे, आणि तुमच्या पत्रावरून ती त्या टोकाला गेलेली मला दिसत नाही.

मला पत्रात आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती कोणी विचारलीच नसेल अशी शंका येते. आजोबा दिवाळीनंतर गेले, पण मुलगी रात्री दचकून उठू लागली ती गणपतीत. म्हणजे ही दचक दुःखाच्या आधीची आहे. त्याच्या आधी काय बदलले? शाळा बदलली, आणि सर्दीचे औषध सुरू झाले. त्या बाटलीवर ‘मॉन्टेलुकास्ट’ असा शब्द आहे का, ते कृपा करून पाहा. लिव्होसेट्रिझीन या ॲलर्जीच्या औषधासोबत एकत्र करून ते आपल्याकडे मुलांना ॲलर्जीच्या सर्दीसाठी फार मोठ्या प्रमाणावर दिले जाते आणि महिनोन्‌महिने चालू राहते. काही मुलांमध्ये त्यामुळे भीतीदायक स्वप्ने, झोपमोड, चिडचिड, उदासी आणि क्वचित आत्महत्येचे विचारही येतात. मार्च २०२० मध्ये अमेरिकेत त्या औषधावरही काळ्या चौकटीतला इशारा आला, आणि साध्या ॲलर्जीच्या सर्दीसाठी इतर उपाय उपलब्ध असतील तर ते टाळावे असे सांगण्यात आले. तुमच्या मुलीचे तेच झाले आहे असे मी इथे बसून म्हणू शकत नाही, आणि तिला दम्यासाठी ते दिलेले असेल तर विचारल्याशिवाय बंद करणे योग्य नाही. पण तो शब्द बाटलीवर सापडला, तर डॉक्टरांशी होणाऱ्या पहिल्याच बोलण्यात तो निघाला पाहिजे. एका औषधाच्या दुष्परिणामावर दुसरे औषध देण्याची वेळ एखाद्या लेकरावर येऊ नये. त्याच वेळी खोकल्याच्या औषधांबद्दलही विचारून घ्या, कारण डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेले कफ सिरप एसिटालोप्रामसोबत देऊ नये. दोन्ही मिळून शरीरातल्या सेरोटोनिन या रसायनाचे प्रमाण धोकादायक वाढू शकते. मेडिकलच्या दुकानातून परस्पर बाटली आणण्याची सवय या काळात पूर्णपणे थांबवा.

पोटदुखीकडे येते. ती रविवारी होत नाही, यावरून घरातले कोणी ‘नाटक करते’ म्हणत असेल, तर त्यांना सांगा की दुखणे खरेच असते. भीतीने आतड्यांची हालचाल बदलते आणि पोटात खरोखर पिळवटते. रविवार कळीचा आहे तो वेगळ्या कारणाने: भीती शाळेच्या रस्त्यावर कुठेतरी आहे, हे तो सांगतो. ती कुठे आहे ते मुलीकडून हळूहळू काढून घ्या. मराठी माध्यमातून तिसरीत एकदम इंग्रजी शाळेत गेलेल्या मुलांना वर्गात काय चालले आहे ते महिनोन्‌महिने कळत नाही, आणि काल पहिल्या बाकावर बसणारी हुशार मुलगी आज ‘ढ’ ठरते. लघवीला जायची परवानगी इंग्रजीत मागता येत नाही म्हणून दिवसभर तशीच बसून राहणारी मुले माझ्याकडे आली आहेत, पोटदुखीसाठीच. बसमध्ये कोणी त्रास देते का, कोणी मोठे माणूस नको तिथे हात लावते का, हेही तिला तिच्या भाषेत, घाई न करता विचारा. तसे काही निघाले, तर १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे. वाचताना तिची अक्षरे उलटसुलट होतात का, फळा नीट दिसतो का, हेही पाहून घ्यायला हवे. रक्तक्षय आणि थायरॉइडची साधी रक्ततपासणी झाली नसेल, तर ती करून घ्या.

शाळा पूर्ण बंद करू नका, कारण घरी राहिलेल्या प्रत्येक दिवसागणिक शाळेची भीती वाढत जाते. काही दिवस अर्धा वेळ, तुम्ही फाटकापर्यंत सोबत, वर्गशिक्षिकेशी आधी बोलून ठेवलेले, अशा पायऱ्यांनी तिला पुन्हा बसवता येते. आणि एक मत मांडते, मोकळेपणाने. जुन्या शाळेत परत घालण्याचा पर्याय तुम्ही दोघांनी खुल्या मनाने विचारात घ्यावा. त्यात गावात मान खाली जाण्यासारखे काही नाही. तिसरीतल्या मुलीला कळणाऱ्या भाषेत शिकणे हा तिचा हक्क आहे.

पुढची तपासणी कोणाकडे करायची, हे तुम्ही विचारलेले नाही, पण तो प्रश्न मनात असणार. बालमानसोपचार तज्ज्ञ आपल्याकडे फार थोडे आहेत आणि ते बहुतेक मोठ्या शहरांत आहेत, हे खरे आहे. तरी मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात तुम्ही जाऊ शकता. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते, आणि पुढच्या उपचारांसाठी त्याची केंद्रे जिल्हास्तरावर आहेत. तिथे मानसशास्त्रज्ञाबद्दल चौकशी करा. जिथे जाल तिथे दहा मिनिटांत निदान मागू नका आणि स्वीकारूही नका. आई-वडिलांशी वेगळे, मुलीशी वेगळे आणि शाळेकडून माहिती घेऊन, असे निदान व्हायला एकापेक्षा जास्त भेटी लागतात. दोन्ही घरांत कोणाला नैराश्याचा किंवा अतिउत्साह आणि उदासी यांच्या चक्राचा आजार होता का, ते लपवू नका. तसा इतिहास असलेल्या मुलांमध्ये ही औषधे कधी कधी उन्मादाकडे ढकलतात. आणि विचारपूर्वक निदान करून त्या डॉक्टरांनी औषधच सुचवले, तर पहिले चार आठवडे दर आठवड्याला भेट किंवा निदान फोन झाला पाहिजे, गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात हे त्यांनी सांगितले पाहिजे, आणि ते कधी व कसे उतरवत बंद करणार हेही आधीच ठरले पाहिजे. लहान मुलीला असे औषध सुरू करून दोन महिन्यांनी बोलावणे मला मान्य नाही. तुमच्या डॉक्टरांचा हेतू वाईट असेल असे मी मानत नाही; बाहेर चाळीस रुग्ण ताटकळत असताना रडणारी मुलगी आणि घाबरलेली आई समोर बसली की हात चिठ्ठीकडे जातो, हे मी जाणते. पण त्या घाईची किंमत मुलांनी मोजू नये.

मिस्टरांना या फोनच्या वेळी शेजारी बसवा. ‘डॉक्टरांना कळते’ हे त्यांचे म्हणणे बरोबर आहे, पण मुलगी रात्री बारापर्यंत जागी असते हे तुम्ही सांगितल्याशिवाय डॉक्टरांना कळणार नाही. एक वही घाला आणि तिच्यात रोज चार ओळी लिहा: किती वाजता झोपली, दचकली का, काय खाल्ले, पोट कधी दुखले. पुढच्या डॉक्टरांना ती वही एखाद्या तपासणीच्या अहवालापेक्षा अधिक उपयोगी पडेल. तुम्ही मुलीचे नुकसान केले का, याचे उत्तरही तिथेच आहे. तिच्यातला बदल घरात तुम्हाला सर्वांत आधी दिसला आणि बाराव्या दिवशी तुम्ही विचारलेत.

राहिले आजोबा. मुलीला त्यांच्याबद्दल खरे सांगा: त्यांचे शरीर थांबले, ते परत येणार नाहीत, त्यांना दुखत नाही, आणि तिने काही केले म्हणून ते गेले नाहीत. या शेवटच्या वाक्याची तुम्हाला गरज वाटणार नाही, पण या वयाची मुले मनात असले हिशेब करत असतात. मी त्या दिवशी त्यांच्यावर रागावले, मी पाणी नेऊन दिले नाही, म्हणून. तुम्ही लिहिले आहे की ते तिला रोज संध्याकाळी मळ्यात न्यायचे. आजोबा गेल्यापासून तिला तिकडे कोणी नेले आहे का, ते पत्रात नाही. कोणी नेत नसेल, तर उद्यापासून तुमच्यापैकी कोणीतरी जा, शक्य झाले तर सासूबाईच, कारण त्यांचेही माणूस गेले आहे आणि त्यांनाही सोबत हवी आहे. ते दोघे बसायचे तिथे बसा. ती काही विचारील तर उत्तर द्या. नाही विचारले तर नुसते बसा, आणि दिवेलागणीला तिला घेऊन घरी या.